नारळावरचे माझे तांदूळ

गावात सध्या माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुसरी, म्हातारा फितूर झाला. फितूर व्हायला डोकं जागेवर लागतं, एवढा विचार करायला गावाला सवड नाही. म्हणून म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावं. मी चौथी शिकलोय, तीही दोनदा. तेव्हा माझी चौथी इतरांपेक्षा पक्की आहे.

मी पहिलं मत दिलं तेव्हा कागदावर शिक्का मारायचा असायचा. बापानं चिन्ह दाखवलं, मी शिक्का मारला. तेव्हापासून तेच. मधल्या काळात पक्षाचं चिन्ह बदललं. पुढारी बदलले. इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले, एकदा तर दोन्हीकडचे एकाच जीपमधून उतरले आणि दोघांनी मला नमस्कार केला. मी हललो नाही. पक्ष मला सोडून गेला असेल, मी पक्षाला सोडलं नाही. लोक याला निष्ठा म्हणत. माझी बायको दुसरा शब्द वापरते, तो इथं लिहीत नाही.

आमचं गाव मुरबाड तालुक्यातलं, सिद्धगडाच्या अंगाचं. ओढ्यापलीकडे वाडी आहे. तिथली माणसं पावसाळ्यात शेतावर आणि उन्हाळ्यात लांब वीटभट्टीवर. ग्रामपंचायत दोघांची एक, सरपंच एक. गावदेवीच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान माझ्या घराचा. आजा फोडायचा, बाप फोडायचा, बाप गेल्यावर मी. एका फटक्यात दोन सारखी भकलं. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर येऊन आदळणार आहे.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव होतं, आणि सरपंच थेट गावानंच निवडायचा होता. आमच्या बाजूच्या पुढाऱ्यानं, जो स्वतः आधी सरपंच होता, आपली बायको उभी केली. बाई फार चांगली. ती बोलते कशी हे मी अजून ऐकलेलं नाही, त्यामुळे वाईट म्हणायला जागाच नाही. फलकावर तिचा फोटो बोटाएवढा आणि नवऱ्याचा दाराएवढा. निशाणी छत्री.

तिच्यासमोर उभी राहिली गावाच्या टोकाच्या घरातली सून. माहेर वाशिंदचं. वाशिंद म्हणजे कारखाने आणि इमारती. तिथल्या पोरीला भात म्हणजे कुकरमधला एवढंच ठाऊक असणार, हे माझं मत. पंजाबी ड्रेस घालते. स्कूटीवर बसून मुरबाडला जाते. सभेत पुरुषांच्या आधी बोलते आणि पुरुषांच्या नंतरही बोलते. निशाणी कपबशी. मी पारावर बसून म्हटलं, "निशाणीनंच सांगितलं हिची जागा कुठं ती." सगळे हसले. तेव्हा मला वाटलं, फार मोठं बोललो.

पण माझा खरा राग होता तो राबावरून.

राब म्हणजे काय ते शहरवाल्यांना सांगतो. भाताचं रोप तयार करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण पसरायचं, त्यावर झाडांचे वाळलेले टहाळे, मग पातेरा, गवत, वरून माती, आणि ते सगळं भाजायचं. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमात येतं. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच. या बाईनं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की राबासाठी झाडं तोडू नका, निदान अर्ध्या जागेत तरी न भाजता, मातीचे उंच गादीवाफे करून रोपं टाका.

मी उठलो. म्हटलं, "सूनबाई, तू किती भात लावलंस गो आजपर्यंत?"

ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून दरसाल लावते, बाबा. तुमी बांधावर उभं राहून लावता, मी चिखलात उतरून लावते."

पुन्हा सगळे हसले. त्याच माणसांनी, त्याच तोंडांनी. त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई सरपंच झाली तर गाव बुडालं. गाव म्हणजे मी, हे सांगायला नको.

आमच्याकडे निवडणुकीआधी देवळात बसतात. भगत देवीपुढे एक नारळ ठेवतो. घराघरातला कर्ता माणूस मूठभर तांदूळ हातात घेतो, घरची मतं कुठं जाणार ते बोलतो आणि तांदूळ नारळावर टाकतो. कायद्यात हे बसत नाही म्हणतात. कायदा तालुक्याला असतो. नारळ गावात असतो. तांदूळ टाकल्यावर मन बदललं तर मोकळं व्हायचीही रीत आहे. सगळ्यांसमोर यायचं, तोंडानं बोलायचं आणि नवे तांदूळ देवीच्या पायाशी ठेवायचे. ही रीत कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. मन बदललेली माणसं ते गुपचूप बदलतात. मशीन आल्यापासून तर फारच गुपचूप.

माझी पाळी आली. पुढारी शेजारीच बसला होता. नुसतं "घरची मतं छत्रीला" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सगळे बघत होते, आणि सगळे बघत असले की माझा आवाज माझं ऐकत नाही. मी म्हटलं, "माज्या घरची पाचच्या पाच मतं छत्रीला. त्या वाशिंदवालीला माज्या घरचं एक जरी मत गेलं, तर पयला नारळ फोडायचा मान माजा नाय."

मान पणाला लाव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. भगतानंसुद्धा दचकून वर बघितलं. पुढाऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला तेव्हा फार गोड वाटला.

मतदानाला आठ दिवस राहिले असतील. माझा राब रचून तयार होता. राब आम्ही भाजतो भल्या पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना. आणि पेटवायचा वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग सावकाश सरकते आणि खालची माती भाजते. वाऱ्याच्या बाजूनं पेटवला तर आग पळते. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

पुढारी आला दुपारी, कारण तो उठतोच तेव्हा. बरोबर गाडीभर माणसं आणि एक मोबाईलवाला. "काका," तो म्हणाला, "ती बाई म्हणते राब बंद करा. आपण तुमचा व्हिडीओ टाकू. आमची परंपरा, आमचा अभिमान. तुमच्यासारखा माणूस दुसरा हाय का तालुक्यात?"

नव्हताच. मी घरात जाऊन धुतलेली टोपी घालून आलो.

मी नेहमीच्या कडेला गेलो तसा मोबाईलवाला ओरडला, "काका, तिकडून नको, तोंडावर सावली येते. हिकडून लावा. हिकडून झक्कास दिसताय."

हिकडून म्हणजे वाऱ्याच्या बाजूनं. मला कळत होतं. देवीची शपथ, कळत होतं. पण तोपर्यंत परंपरा हा शब्द तीनदा झाला होता आणि मोबाईल माझ्यावर रोखलेला होता. मी भरदुपारी, वाऱ्याच्या बाजूनं, हसत हसत माझा स्वतःचा राब पेटवला. परंपरा वाचवायला परंपरेची एवढी वाट माझ्या घरात आधी कुणी लावली नव्हती.

आग राबावरून धावत गेली. माती भाजायला ती थांबलीच नाही. बांधावरचं गवत धरलं, तिथून उताराला लागली. खाली एका अंगाला वाशिंदवालीच्या घरामागची पेंढ्याची उडवी, दुसऱ्या अंगाला कोरडा ओढा आणि ओढ्याच्या पल्याड वाडीची कुडाची घरं. वाडीतली धडधाकट माणसं वीटभट्टीवर. घरात म्हातारी आणि कच्चीबच्ची.

मी मागं वळून बघितलं. पुढारी गाडीत बसत होता. "काका, पाण्याचा बंब बोलावतो!" असं ओरडून तो गेला. बंब अजून यायचा आहे.

वाशिंदवाली घरातून पळत बाहेर आली. मी ओरडलो, "अगो, तुजी उडवी! उडवी बघ!"

तिनं उडवीकडे एकदा बघितलं. मग वाडीकडे. मग विहिरीवरच्या बायांना हाक मारली, "टहाळे तोडा गो! हिरवे टहाळे! ओढ्याकडं चला समद्या!" आणि उडवीकडे पाठ करून धावत सुटली.

हिरव्या टहाळ्यांनी आग झोडपत आम्ही ती ओढ्यातच विझवली. मीही झोडपली. माझ्या टोपीचं काय झालं ते माहीत नाही. वाडीच्या एका कुडालाही धग लागली नाही. उडवी मात्र गेली. तिच्या दोन गायींची पावसापर्यंतची वैरण होती ती.

संध्याकाळी सगळ्या गावाच्या मोबाईलवर मी होतो. टोपी घालून, हसत, काडी लावताना. खाली लिहिलं होतं, आमची परंपरा, आमचा अभिमान. मी हसतो तिथंच व्हिडीओ संपला होता. पुढचा भाग त्यांच्याकडं नव्हता, कारण पुढच्या भागात ते नव्हते.

आता मी वाट बघत बसलो. म्हटलं, आता ही बाई मला सोडत नाही. भोंगा लावलेली रिक्षा माझ्या दारावरून जाईल आणि माझं नाव घेईल. रिक्षा गेली. नळाचं बोलली, रेशनचं बोलली, वाडीच्या रस्त्याचं बोलली. आगीचं अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. शिव्या घातल्या असत्या तर मी चार परत घातल्या असत्या आणि शांत झोपलो असतो. हे गप्प राहणं मला सोसेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उडवीतला पेंढा बैलगाडीत भरला आणि तिच्या दारात नेऊन उतरवला. ती गोठा झाडत होती.

"हे काय, बाबा?"

"वैरण. तुज्या गायींसाठी. तुज्यासाठी नाय."

"गायींला सांगते," ती म्हणाली.

मी जायला निघालो, पण पाय निघेना. म्हटलं, "सभेत का नाय बोललीस आगीचं? तुजा फायदा होता."

तिनं झाडू बाजूला ठेवला. "मला एक सांगा बाबा. तुमी राब दरसाल खालच्या अंगानं लावता. माज्या परसातून दिसतं. मग त्या दिवशी वरच्या अंगानं का लावलात?"

सगळ्या गावानं तो व्हिडीओ बघितला होता. जन्मभर राब भाजलेल्या माणसांनी बघितला होता. कोणत्या कडेनं पेटवला हे एकानंही विचारलं नव्हतं. विचारलं ते कुकरवालीनं.

मी खरं सांगितलं. "खालच्या अंगानं तोंडावर सावली येत होती."

"कशाला सावली?"

"फोटूला."

आधी तिनं ओढणी तोंडावर धरली. मग धरून उपयोग होईना. हसता हसता ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. मला राग यायला हवा होता. का आला नाही, हे मी अजून शोधतोय.

"हे मी सांगितलं असतं ना," ती डोळे पुसत म्हणाली, "तर गाव तुमच्यावर चार दिवस हसलं असतं, आणि मग तुमची कीव येऊन मतं छत्रीलाच दिली असती. बोलायचं कशाला?"

"मग राबाचं आता बोलू नको. त्या राबापायी तुजी निम्मी मतं जातात, ते तरी कळतं का तुला?"

"कळतं की. पण ते मी बोलणारच. झाडं संपत चाललीत, बाबा. मतं काय, पाच वर्षांनी परत येतात."

मी रिकामी गाडी घेऊन घरी आलो. रस्ताभर मी हिशेब लावत होतो. एक माणूस माझ्या राबाच्या बाजूनं होता, आणि त्याला राबाची कोणती कड कोणती ते माहीत नव्हतं. एक बाई राबाच्या विरुद्ध होती, आणि तिला माझ्या राबाची कड माझ्याइतकी ठाऊक होती. मत जाईल हे कळूनही तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायची, एवढा हट्ट मी गावात एकाच माणसात बघितला होता. त्याला मी रोज दाढी करताना बघतो.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग द्या की कपबशीला. मशीनला काय डोळे हायत?"

"तांदूळ टाकलेत मी. पाच मतांचे."

"चार मतांचे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माज्या मनाला येईल ते बटण मी दाबते. मशीन आल्यापासून. आधीपण शिक्का मनासारखाच मारायची. तुमच्या त्या तांदळात माजा दाणा कदी नव्हता."

मी खाली बसलो. इतकी वर्षं मी देवळात छाती पुढं काढून घरची मतं सांगत होतो, आणि देवी मनातल्या मनात वजाबाकी करत होती.

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुमी कदी इचारलं?" भाकरी उलटत ती म्हणाली. "आणि सुनेचं बी धरू नका. दोन्ही मुलांचं बी. म्हणजे मोजायला सोपं जाईल."

गुपचूप बटण दाबणं सोपं होतं. अर्धं गाव तेच करत होतं, माझ्या घरासकट. पण मी मोठ्यानं बोललो होतो. मोठ्यानं बोललेलं गुपचूप मोडायचं, हे मला जमणारं नव्हतं. यात काही मोठेपणा नाही. मला हळू बोलताच येत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी भगताला निरोप दिला की गाव बसव. पुढाऱ्याला वास लागला. तो मला देवळाच्या पायरीवरच भेटला.

"काका, कुणाला मत द्यायचं ते द्या. मी कुठं बघायला येतो? पण हे बोलू नका. नारळाचा मान तुमच्याकडंच राहील, जबाबदारी माझी."

"तू गेलास तेवा बंब आणायला गेला होतास ना? आधी तो घेऊन ये," मी म्हटलं आणि आत गेलो.

सगळे बसले होते. मी नवे तांदूळ हातात घेतले. म्हटलं, "मी या नारळावर बोललो होतो, माज्या घरची पाच मतं छत्रीला. घरच्या मतांचं मला आता कळलंय की ती माजी नव्हतीच. माजं एक हाय, ते कपबशीला देणार. गुपचूप देणार नाय म्हणून सांगतोय. मानाचं जे बोललो ते तसंच. यंदा पयला नारळ माजा नाय." आणि तांदूळ देवीच्या पायाशी ठेवले.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीनं जेवाण बंद केलं वाटतं." आणि देऊळ हसलं. भगत तेवढा हसला नाही. त्यानं नारळावरच्या जुन्या तांदळातले माझ्या वाटणीचे गोळा करून माझ्या हातात दिले. मुठीत धरल्यावर ते फार थोडे वाटले.

वाशिंदवाली निवडून आली. माझ्या मतानं आली असं मी म्हणत नाही. वाडीची माणसं वीटभट्टीवरून मतदानाला आली होती, आणि आपली घरं कुणी वाचवली ते त्यांच्या म्हाताऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं. पण माझ्यामुळं आली असं कुणी म्हटलं तर मी भांडायला जात नाही.

मग जत्रा आली. त्या दिवशी मी देवीच्या दारात नाही, रांगेत उभा होतो, हातात एक साधा नारळ घेऊन, सगळ्यांसारखा. रांगेत उभं राहायची सवय नसली की पाय लवकर दुखतात. पहिला नारळ पुढाऱ्याला मिळाला. त्यानं बाह्या वर केल्या. मोबाईलवाला होताच. पहिला फटका सरकला. दुसऱ्याला नारळ हातातून सुटून पायऱ्यांवरून गडगडत गेला, तो वाडीतल्या एका म्हातारीनं पायानं अडवला. तिसऱ्याला फुटला. एक भकल टोपलीएवढं, दुसरं झाकणाएवढं. मी तोंड सरळ ठेवलं. त्यासाठी मला जेवढे कष्ट पडले तेवढे आग झोडपताना पडले नव्हते.

नवी सरपंच माझ्या मागं चार माणसं सोडून वाडीच्या बायकांत उभी होती. पुढं बोलावलं तरी गेली नव्हती. ती रांगेतूनच म्हणाली, "बाबा, तुमचा मान तुमाला परत द्यावा असं मी ग्रामसभेत मांडू का?"

"मान सभेत मांडून मिळत असता तर यानं कवाच घेतला असता," मी पुढाऱ्याकडं बोट केलं. "मी बोललो, मी भोगतो. तू मधी पडू नको."

"बरं. मग गादीवाफ्याचं काय? एक कोपरा तरी द्या. करून बघू."

"मत दिलं गो तुला. शेत नाय दिलं."

बाया हसल्या. तीही हसली. "पुढच्या साली इचारते," म्हणाली.

"इचार. आनी मत पण पुढच्या येळेला नव्यानं इचार. कायमचं नाय दिलेलं."

हे बोललो आणि माझं मलाच नवल वाटलं. बायको शेजारी पूजेचं ताट घेऊन उभी होती. ती देवीकडं बघत एवढंच म्हणाली, "शिकला बाई माणूस."

आमची पाळी आली तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. मोबाईलवाला कधीच निघून गेला होता. पुढाऱ्याची माणसं मांडवात जेवत होती. मी नारळ दगडावर घातला. एकच फटका. दोन भकलं.

बघायला कुणी नव्हतं. बायको ताट सावरत होती. मी दोन्ही भकलं एकमेकांवर ठेवून कडा जुळवून बघितल्या. सारखी होती.